सुट्टी रद्द, हातात एकच दिवस: पुण्याबाहेर दोघांनी कुठे आणि कसं जावं?

शेवंती · ९ मे २०२५, सकाळी १०.४०

नवरा सैन्यात आहे. सुट्टी अर्धीही झाली नव्हती तेवढ्यात भारत-पाकिस्तान संघर्षामुळे परत बोलावणं आलं. (जाण्याचा दिवस, गाडी आणि ठिकाण लिहिलं होतं, ते काढून टाकलंय. कारण खाली पहिल्या उत्तरात आहे.) मधे एक दिवस मोकळा आहे, तोही दुपारी तीनपर्यंतच. दोघांना शहराबाहेर झाडाखाली चार तास निवांत बसायचं आहे, एवढंच. राहतो कात्रजच्या अलीकडे. मोटारसायकल आहे, १२५ सीसी.

विचारायचं ते असं. फोन कधीही येऊ शकतो, त्यामुळे रेंज हवी. सिंहगड, खडकवासला, पुरंदर ही नेहमीची ठिकाणं सध्या ठीक आहेत का, की लष्करी भाग म्हणून अडवतात? पेट्रोल भरून ठेवायला हवं का? डबा काय न्यावा, उन्हात टिकेल असा? आणि अशा दिवसांत सहलीला जाणं बरोबर आहे का, हेही कोणी स्पष्ट सांगितलं तर बरं.

---

जुना_कॅम्प · ९ मे, सकाळी ११.०५

ताई, सगळ्यात आधी प्रश्न संपादित करा. गाडीचं नाव, तारीख आणि कुठे हजर व्हायचं ते, तिन्ही गोष्टी काढा. एकट्या जवानाची तारीख कळून कोणाला काय मिळणार, असं वाटतं. पण अशा पन्नास बायका-बहिणींनी पन्नास ठिकाणी लिहिलेलं कोणी एकत्र केलं, तर कुठल्या गाडीने कुठे किती माणसं चालली आहेत याचा अंदाज बसतो. यात तुमची चूक नाही, हे घरच्यांना कोणी नीट सांगतच नाही. व्हॉट्सअॅप स्टेटसलाही हाच नियम. स्टेशनवरचा निरोपाचा फोटो महिनाभराने टाकला तरी चालतो.

आता सहलीचं. जाणं बरोबर आहे का, असं विचारलंत. बरोबर आहे. हजर होण्याची वेळ पाळली जाते आहे ना, तेवढंच बघायचं. मधला दिवस घरात बसून टीव्हीवरच्या पट्ट्या वाचण्यात गेला, तर जाणाऱ्याचंही मन थाऱ्यावर राहत नाही आणि राहणाऱ्याचंही.

आखणी मात्र उलटीकडून करा. सकाळी किती वाजता निघायचं, इथून सुरुवात करू नका. घरी किती वाजता असायलाच हवं तिथून मागे या. तुमची वेळ तीन. सामान बांधलेलं असलं तरी अंघोळ, जेवण, शेजारीपाजारी भेटायला येणं यात दोन तास जातात. म्हणजे एक वाजता घरात. जायला एक तास लागत असेल, तर परतीला दोन तास धरा. पंक्चर, टोलनाका, अचानक आलेली वळीव सर, सगळं त्या जादाच्या तासात बसतं. म्हणजे अकराला तिथून उठायचं. चार तास बसायचं तर सातला पोचायला हवं आणि सहाच्या आत घर सोडायला हवं. यातून ठिकाण आपोआप ठरतं: एका तासाच्या आत, ३५ किलोमीटरच्या पुढे नाही.

त्यांनी बरोबर घ्यायचं: ओळखपत्र आणि सुट्टीचा कागद. वाटेत नाकाबंदी असली तर दोन मिनिटांत सुटका होते. गणवेशातलं काहीही नको, टोपी, टीशर्ट, सॅकसुद्धा नको. साधे कपडे. आणि तिकिटाचं काम आदल्या दिवशीच उरका. उत्तरेकडचे बरेच विमानतळ नागरी विमानांसाठी बंद आहेत, त्यामुळे सगळा भार रेल्वेवर आहे. पुणे स्टेशनवर सैन्याचं एमसीओ ऑफिस आहे (जवानांच्या प्रवासाचं काम बघणारं), वॉरंट म्हणजे सरकारी प्रवासाचा कागद आणि आरक्षण यांची अडचण तिथे सांगता येते. सहलीच्या सकाळी त्या रांगेत उभं राहायची वेळ येऊ देऊ नका.

---

घाटवाट · ९ मे, दुपारी १२.३०

ठिकाणांबद्दल मी लिहितो. तुम्ही विचारलेली तिन्ही आधी घेतो.

खडकवासला: त्या बाजूला एनडीए म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, पुढे गिरीनगरला संरक्षण खात्याची संस्था आहे. मुख्य रस्ता कोणी अडवत नाही, पण पाण्याकाठी गाडी लावून फोटो काढत बसायची ही वेळ नाही. फोटोत मागे काय येतंय हे आपल्या लक्षात येत नाही, आणि हटकलं की सकाळ चौकशीत जाते.

सिंहगड: रेंजच्या दृष्टीने चांगला, गडावर दूरदर्शनचा मनोराच आहे. अडचण घाटरस्त्याची. गर्दीच्या दिवशी वर गाड्या मावेनाशा झाल्या की पायथ्याशी गाड्या अडवून ठेवतात आणि उतरतानाही कोंडी होते. चढायला किती वेळ लागेल ते सांगता येतं, उतरायला किती लागेल ते सांगता येत नाही. (कुठला वार आहे ते इथे सांगू नका, सुट्टीचा असेल तर हा पर्याय सोडा.)

पुरंदर: किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे, एरवीही ओळखपत्र बघून ठरावीक वेळेतच सोडतात. या दिवसांत दरवाजापर्यंत जाऊन परत यावं लागण्याची शक्यता धरून चालायची. नकोच.

पानशेतच्या पुढे, वेल्ह्याच्या आत, ताम्हिणीत: सुंदर आहे, पण वळणागणिक रेंज जाते. तुमच्या कामाचं नाही.

माझं मत: नसरापूरचं बनेश्वर. स्वारगेटपासून साधारण ३५ किलोमीटर, तुमच्याकडून त्याहून कमी. सातारा रस्त्याने नसरापूर फाट्यापर्यंत सरळ (चेलाडी फाटाही म्हणतात), तिथून उजवीकडे आत दोन-तीन किलोमीटर. नसरापूर ही बाजारपेठ आहे, त्यामुळे पंक्चरवाला, औषधांचं दुकान, चहा सगळं हाताशी. एसटीही आहे. मोटारसायकल अगदीच बिघडली तर ती गॅरेजला टाकून भोर किंवा वेल्ह्याकडून स्वारगेटला जाणारी गाडी धरता येते. ज्याला परतायलाच हवं त्याच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे. परतीचा दुसरा मार्ग नसलेल्या जागी अशा दिवशी जाऊ नये.

रस्ता. कात्रज चौकातून जुन्या घाटाने जा, जुन्या बोगद्यातून शिंदेवाडीला उतरा आणि तिथे महामार्गाला लागा. पुढे वेळू, खेड शिवापूर, टोलनाका (दुचाकीला टोल नाही, डावीकडची मोकळी वाट धरा), मग केळवडे आणि फाटा. येतानाही शिंदेवाडीपासून जुनाच घाट. नवीन बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार दुचाकीसाठी वाईट आहे. लांबलचक सलग उतार, त्यात मालाचे ट्रक गिअर सोडून येतात, ब्रेक तापून निकामी होतात आणि समोर जे असेल त्याला ढकलत नेतात. तिथे इतके अपघात झालेत की दहा मिनिटं वाचवायला तो रस्ता धरू नये.

बनेश्वरला काय आहे: नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं महादेवाचं देऊळ, भोवती वन विभागाचं उद्यान, दाट सावली. आवारातल्या कुंडात मासे आणि कासवं आहेत. मागच्या अंगाला शिवगंगा नदी आणि छोटा धबधबा. मे महिन्यात पाण्याला जोर नसतो, पण खडक गुळगुळीत आहेत, पाय सरकतो. आज मुरगळलेला पाय आणि परवा हजेरी, हे जमणार नाही, तेव्हा काठावरूनच बघा. सकाळी सातला गेलात तर देवळात पुजारी आणि गावातली दोन-चार माणसं, एवढंच. दहानंतर शहरातली कुटुंबं यायला लागतात. उद्यानाला तिकीट आहे, सुटे पैसे ठेवा.

देवळातली घंटा मान वर करून नीट पाहा. तिच्यावर १६८३ साल आणि क्रूस कोरलेला आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा आलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ही एक.

---

कऱ्हाकाठ · ९ मे, दुपारी २.१५

बनेश्वर चांगलंच आहे, पण एक पर्याय सुचवते. यवतजवळचं भुलेश्वर. यादवकालीन देऊळ टेकडीवर आहे, गाडी जवळपर्यंत जाते, आत भर उन्हातही थंडावा असतो. गाभाऱ्याकडच्या वाटेवर काळोख आहे, मोबाइलची बॅटरी कामाला येते. स्त्रीरूपातल्या गणेशाचं शिल्प तिथे आहे, ते भिंतीत वरच्या बाजूला असल्याने विचारल्याशिवाय सापडत नाही. टेकडीवरून सगळा माळ दिसतो, दोघांना बसायला निवांत जागा आहे.

आणि कुठेही गेलात तरी एक सांगते. निर्जन टेकडी, घाटातलं वळण, रस्त्यापासून आत गेलेली पायवाट, अशा जागी दोघांनीच थांबू नका. बोपदेव घाटात ऑक्टोबर २०२४ मध्ये मित्राबरोबर गेलेल्या तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला, ते सगळ्यांना माहीत आहे. एकांत हवा असला तरी हाक मारली तर ऐकू जाईल इतक्यावर माणसं असावीत. देवळाचं आवार त्यासाठी सर्वांत बरं.

---

घाटवाट · ९ मे, दुपारी २.४०

कऱ्हाकाठ, दुसऱ्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. भुलेश्वर मात्र कात्रजकडच्या माणसाला आज नको. हडपसर, मांजरी, लोणी काळभोर हा पट्टा सकाळी सहाला मोकळा असतो, पण परतीला अकरा-बाराला भरलेला. लोणीला इंधनाचे डेपो आहेत, टँकरची ये-जा तिथे एरवीही असते. दिवे घाटाने वळसा घ्यावा तर तिथे रुंदीकरणाचं काम चालू आहे. हडपसर किंवा खराडीकडून कोणी विचारलं असतं तर मीही भुलेश्वरच सांगितलं असतं.

पेट्रोलचं राहिलं. जाऊन-येऊन ६० ते ७० किलोमीटर, १२५ सीसीला दीड लिटर पुरतं. टाकीत चार-पाच लिटर असलं की झालं, ते आदल्या संध्याकाळी भरा. पुण्यात तुटवडा नाही, तेल कंपन्यांनीही साठा भरपूर असल्याचं जाहीर केलंय. रांगा दिसतात त्या लोकांनी घाबरून लावलेल्या. कॅनमध्ये भरून घरी ठेवू नका. मे महिन्यात बंद खोलीत पेट्रोलची वाफ धरते आणि एका ठिणगीचं काम असतं.

गाडीची तपासणी आदल्या दिवशी, पंधरा मिनिटं लागतात. टायर गार असताना हवा भरा. दोघं बसणार म्हणजे मागच्या चाकाला एकट्याला लागते त्याहून जास्त लागते, नेमका आकडा चेनच्या झाकणावर किंवा स्विंगआर्मवर चिकटवलेला असतो. मागच्या टायरला रुतलेला खडा किंवा खिळा आहे का ते चाक हाताने फिरवून बघा. ट्यूबलेस असेल तर पंक्चरच्या दोऱ्यांचा संच आणि छोटा पंप बरोबर घ्या. महामार्गावर वेळ जातो तो पंक्चर काढण्यात नाही, पंक्चरवाल्यापर्यंत गाडी ढकलण्यात जातो. हेल्मेट दोघांनाही.

---

पोळपाट · ९ मे, दुपारी ४.००

डब्याबद्दल. एकाच कणकेत सहलीचा डबा आणि त्यांच्या प्रवासाची शिदोरी दोन्ही काढा, म्हणजे सकाळी दोनदा ओट्याशी उभं राहावं लागणार नाही.

दशम्या करा. पाण्याऐवजी दुधात भिजवल्यामुळे मऊ राहतात आणि बाहेर दोन दिवस नीट टिकतात. चार वाट्या कणीक, पावणेदोन ते दोन वाट्या दूध, अर्धी वाटी बारीक चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ, दोन चमचे तूप. दूध कोमट करा, उकळतं नको. उकळत्या दुधात गूळ टाकला तर दूध फाटतं. गूळ विरघळला की गाळून घ्या, खडे असतात. मग कणीक घट्टसर भिजवा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. एवढ्यात बारा होतात. पोळीपेक्षा जाड लाटा, आच मंद ते मध्यम ठेवा. गुळामुळे डाग लवकर पडतात आणि मोठ्या आचेवर बाहेरून करपून आत कच्च्या राहतात. ती कच्ची राहिलेली दशमीच दुसऱ्या दिवशी चिकट होते आणि सगळा डबा बिघडवते.

गोड नको असेल तर गूळ गाळा, ओवा, तीळ, तिखट, मीठ घाला.

सगळ्यात जास्त बिघडतं ते डबा भरताना. गरम दशम्या एकावर एक ठेवून झाकण लावलं की वाफेचं पाणी होतं, आणि मे महिन्यात संध्याकाळपर्यंत वास येतो. जाळीवर किंवा सुती फडक्यावर एकेक पसरून पूर्ण गार करा. प्रवासाच्या आठ दशम्या सुती कापडात गुंडाळून मग स्टीलच्या डब्यात. प्लास्टिकच्या पिशवीत नको. बरोबर सुकं खोबरं-लसणाची चटणी आणि शेंगदाण्याची चटणी. ओला नारळ, कोथिंबीर, कांदा, उकडलेला बटाटा यातलं काही प्रवासात नको.

सहलीला चार दशम्या, चटणी आणि दहीभात. दहीभात असा करा: एक वाटी तांदळाचा भात मऊ शिजवून गरम असतानाच डावाने मोडा, मीठ घाला. कोमट झाला की दीड वाटी उकळून गार केलेलं दूध आणि फक्त दोन चमचे दही. फोडणी जिरं, कढीपत्ता, सांडगी मिरची. दूध जास्त, दही नावाला, म्हणजे नऊ-साडेनऊला डबा उघडेपर्यंत तो बेताचा आंबट लागतो. आधीच दह्यात कालवला तर उन्हात आंबट ढाण होतो.

पन्हं: दोन मध्यम कैऱ्या उकडून गर काढा. एक वाटी गराला पावणेदोन वाट्या गूळ, मीठ, वेलची. हा घट्ट गर बाटलीत न्या आणि तिथे एका भागाला तीन भाग पाणी घालून प्या. तयार पन्हं भरून नेण्यापेक्षा ओझं कमी. साधं पाणी दोघांत चार लिटर. दोन लिटर बरोबर, दोन लिटर नसरापूरला घ्या.

---

शेवंती · ९ मे, संध्याकाळी ६.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. बनेश्वर नक्की करतेय. दशम्यांचं पीठ आदल्या रात्रीच भिजवून ठेवते, म्हणजे सकाळी फक्त लाटायच्या.

दोन गोष्टी राहिल्या. सासूबाई म्हणाल्या काही नाहीत, पण दोघंच जाणार हे ऐकून गप्प झाल्या आहेत. त्यांना गुडघ्यांमुळे मोटारसायकलवर बसता येत नाही. रिक्षा किंवा गाडी करून सगळ्यांनीच जावं का? आणि बाहेर असताना सायरन वाजला तर काय करायचं? परवा ७ तारखेला हवाई हल्ल्याच्या सायरनचा सराव झाला, पण नेमकं काय करायचं ते घरात कोणालाच नीट माहीत नाही.

---

भोंगा · ९ मे, संध्याकाळी ७.२०

सायरनचं. दोन आवाज ओळखायला शिका. वर-खाली होणारा, रडल्यासारखा आवाज दोन मिनिटं, म्हणजे धोका. एकाच सुरातला सरळ आवाज दोन मिनिटं, म्हणजे धोका टळला. रुग्णवाहिकेच्या भोंग्याशी गल्लत होते. तो जवळ येऊन लांब जातो, हा एकाच जागेवरून येत राहतो.

पुणे सीमेपासून लांब आहे. सराव झाला तो तयारी म्हणून, धोका दारात आलाय म्हणून नाही. तरी वाजलाच तर क्रम असा. गाडीवर असाल तर कडेला घ्या, रस्ता पूर्ण मोकळा ठेवून लावा, इंजिन बंद. पक्कं बांधकाम जवळ असेल तर त्याच्या आत, खिडक्या-काचांपासून लांब, आतल्या भिंतीला टेकून. मोकळ्यावर असाल तर खोलगट जागा बघा, चर किंवा कोरडा ओढा, आणि पालथे पडा. हातांच्या बोटांनी कान बंद, कोपरांवर भार देऊन छाती जमिनीपासून किंचित वर. छाती टेकलेली असली तर स्फोटाचा हादरा जमिनीतून सरळ शरीरात जातो, म्हणून हे. दातांत रुमालाची घडी. पेट्रोल पंप, विजेची रोहित्रं, जाहिरातींचे मोठे फलक यांच्याजवळ थांबायचं नाही. सरळ सूर ऐकू आल्याशिवाय उठायचं नाही. व्हिडिओ काढायला तर मुळीच नाही.

गावाकडे सायरन ऐकू येईलच असं नाही. तिथे फोनवरचा संदेश आणि पोलीस सांगतील ते प्रमाण. मदतीचा क्रमांक ११२. फॉरवर्ड होऊन आलेल्या आवाजी संदेशांवरून परत फिरू नका. आधी घरी एक फोन लावून खात्री करा.

जाताना घरच्यांना एका कागदावर लिहून द्या: कुठल्या रस्त्याने, कुठे, किती वाजता परत. लाइव्ह लोकेशन सुरू ठेवू नका, कागद पुरतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटोत ठिकाणाची नोंद होते ती बंद करा. ड्रोन असेल कोणाकडे, तर तो कपाटातच राहू द्या.

---

जुना_कॅम्प · ९ मे, रात्री ८.४५

सासूबाईंबद्दल विचारलंत ते चांगलं केलंत. सगळ्यांनी मिळून गाडी करून जाऊ नका. मग तो देवदर्शनाचा दिवस होतो, आईला ऊन लागतं, तुम्ही दोघं तिच्या औषध-पाण्यात आणि ती तुमच्या काळजीत. पण तिला वगळलं असंही होऊ देऊ नका. दिवस वाटून घ्या, आणि वाटलाय हे तिला आधी, तोंडाने सांगा. सकाळ तुमची. पाऊण-एकला घरी आल्यावर ते तीनपर्यंतचा वेळ आईचा. जेवण तिच्या हातचं, मुलाचं ताट तिने वाढायचं, तेव्हा तुम्ही सामानाकडे बघा. पंधरा मिनिटं तरी दोघं एका खोलीत एकटी असावीत. सामानातली एक तरी गोष्ट तिला बांधू द्या. चटणीची पुडी बांधायचं काम तिचं.

कागदपत्रांचं बोलणं सहलीत नको. तेही आदल्या रात्री, अर्ध्या तासात. लग्नाची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये (सैन्याच्या सेवा-नोंदीत) झाली आहे ना, एजीआयएफ म्हणजे सैन्याच्या गट विम्यावर आणि पगाराच्या खात्यावर वारस म्हणून नाव कोणाचं आहे, खातं दोघांच्या नावे आहे का, लष्करी रुग्णालयासाठीचं तुमचं अवलंबित कार्ड कुठे आहे. बऱ्याच घरांत लग्नाआधी लावलेलं आईचं नाव तसंच राहिलेलं असतं. बदलायचं असेल तर तिला विश्वासात घेऊनच, आणि तो अर्ज युनिटमध्ये जाऊन करावा लागतो, म्हणून आज फक्त यादी करा. एक कागद, त्यावर सगळ्या मूळ प्रती कुठे आहेत ते लिहा, घरात ठेवा. असं बोलणं अशुभ नाही. न बोलल्यामुळे ज्या चकरा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घालाव्या लागतात, त्या फार वाईट.

ते गेल्यावर अनोळखी नंबरवरून फोन येतील. “युनिटमधून बोलतोय, साहेब कुठपर्यंत पोचले?” असं अगदी व्यवस्थित हिंदीत विचारतात. काही सांगायचं नाही. “त्यांनाच विचारा” म्हणायचं आणि ठेवायचा. युनिटला ते कुठे आहेत हे तुम्हाला विचारावं लागत नाही. आईलाही हे सांगून ठेवा, कारण लँडलाइन किंवा तिचा साधा फोन हाच अशा लोकांना सोपा पडतो.

बनेश्वरला पोचल्या पोचल्या दोघांच्या फोनवरून घरी एकेक कॉल लावून बघा. दोघांची सिमं वेगवेगळ्या कंपन्यांची असतील तर उत्तम. जिथे रेंज पक्की मिळते तिथेच चटई अंथरा. मग फोन आवाजावर ठेवून पालथा घाला. दर तासाला एकदा बघायचा, मधे नाही. बातम्यांची सूचना देणारी अॅप्स त्या सकाळपुरती बंद.

---

घाटवाट · ९ मे, रात्री ९.३०

हवामानाचं राहून गेलं होतं. या दिवसांत सूर्योदय सहाच्या सुमारास, ऊन साडेनऊपर्यंत सहन होतं. वळवाचे ढग दुपारनंतर चढतात, क्वचित लवकरही. ढग काळे आणि उंच दिसायला लागले की वेळ झाली नसली तरी उठा. पहिल्या सरीत महामार्गावर तेल आणि धूळ मिळून चिकचिक होते, पहिली पंधरा मिनिटं दुचाकी घसरते. तेवढा वेळ नसरापूरच्या एखाद्या हॉटेलात चहा घेत काढा, झाडाखाली नाही. विजा असतात. पिशवीत दोन पातळ रेनकोट टाका, छत्रीचा दुचाकीवर उपयोग नाही.

चटईखाली जुनी सतरंजी घ्या. उद्यानात गवत वाळलेलं असतं, मुंग्या आणि काटे वर येतात.

---

जुना_कॅम्प · ९ मे, रात्री ९.५०

एक सुचवायचं राहिलं. सकाळी पोचल्यावर ऊन कोवळं असताना दोघांचा एक फोटो देवळात कोणाला तरी काढायला सांगा, आणि येताना वाटेतल्या स्टुडिओत छापून घ्या. दोन प्रती, पाकिटात मावतील अशा. बऱ्याच ठिकाणी फोन जमा करून घेतात, मग जवळ राहतो तो कागदावरचाच फोटो. लॅमिनेट करा, नाहीतर घामाने पाकिटाला चिकटतो आणि सोडवताना चेहराच निघून येतो. मागे पत्ता, युनिट, काही लिहू नका. मोटारसायकलची नंबरप्लेट फोटोत नको.

---

पोळपाट · १० मे, सकाळी ६.१०

शेवंती, रात्री सगळं नीट वाचलं नव्हतं, आत्ता दिसलं. पीठ आदल्या रात्री भिजवू नकोस! दुधाची कणीक मे महिन्यात ओट्यावर रात्रभर राहिली तर आंबते, आणि फ्रीजमध्ये ठेवली तर गुळामुळे पाणी सुटून सैल होते, लाटताना पोळपाटाला धरते. मग हातानं कणीक लावत बसशील आणि दशम्या कडक होतील. रात्री गूळ चिरून ठेव, कणीक मोजून परातीत काढून झाक, दूध तापवून फ्रीजमध्ये ठेव. पहाटे चारला दूध कोमट करायचं आणि भिजवायचं. वीस मिनिटं मुरेपर्यंत भात होतो. पावणेपाचला तवा चढला तर सव्वापाचला बाराही उतरतात. प्रवासाच्या आठ जाळीवर पसरून वर मलमल टाकून तशाच सोडून जा, दुपारी आल्यावर बांध. तोवर चांगल्या गार होतील, आणि बांधायचं काम सासूबाईंकडे द्यायचं ठरलंय तेही जमेल.